पेशर कमी करा

ज्ञानबा मेंढक्याचं घोरणं हा सगळ्या गावाच्या चेष्टेचा विषय होता. कळमनुरीहून हिंगोलीकडं निघालं की फाट्यावरून आत दोन कोसांवर हे गाव. दुपारी देवळाच्या ओट्यावर ज्ञानबा आडवा झाला की म्हातारे म्हणायचे, "झाली बरं का गिरणी चालू, आणा आपापली दळणं." ज्ञानबा जागा झाला की तोही हसायचा. त्याची बायको चांगुणाबाई मात्र हसायची नाही. गावाला घोरणं ऐकू यायचं आणि तिला त्यातला खाडा ऐकू यायचा. घोरता घोरता मध्येच सगळं गप. छातीचा भाता हलायचा नाही. ती मनातल्या मनात मोजायची. दहा, पंधरा, वीस. मग ती त्याला ढोसायची, तेव्हा कुठं आचका देऊन श्वास परत यायचा. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि त्यातली निम्मी तरी तिनं नवऱ्याच्या छातीवर एक हात ठेवून काढली होती.

रात्रभर झोपलेल्या माणसाला दिवसा झोप काहून यावी? पण यायची. भाकरीचा घास हातात धरून ज्ञानबा पेंगायचा. मेंढरं कुणाच्या हरभऱ्यात शिरायची आणि शिव्या चांगुणाबाईला खाव्या लागायच्या. तेवढ्यावर निभावलं असतं तरी तिनं कधी तक्रार केली नसती. पण दोन हजार सातच्या दिवाळीनंतर एक दिवस मेंढरं हमरस्त्याच्या पलीकडं न्यायची होती. गाड्या थांबवायला ज्ञानबा काठी आडवी धरून रस्त्यात उभा राहिला. मेंढरं गेली, मागून कोकरं हाकीत चांगुणाबाई पार झाली, आणि वळून बघते तर हा बाबा अजून मधोमधच उभा. काठीवर हनुवटी, डोळे मिटलेले. नांदेडकडून ट्रक येऊन राहिला होता. तिनं हाक द्यायला तोंड उघडलं तोवर ट्रक चाकं घासत आला आणि ज्ञानबाच्या धोतरापासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं आईबहीण काढली आणि विचारलं, "दारू ढोसून रस्त्यात झोपतो का रे म्हाताऱ्या?" ज्ञानबाच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्या एका वाक्यानं तो दोन दिवस जेवला नाही.

मग पुण्याकडं कंपनीत असलेला पोरगा शिवहार धावत आला. बापाला नांदेडला नेलं, एक रात्र अंगाला वायरी लावून निजवलं, आणि सकाळी डाक्टरनं कागद पुढं धरला. झोपेत गळ्याची वाट मिटते. तासाला चाळीस वेळा श्वास अडकतो. म्हणून दिवसा झोप, म्हणून डोकं जड, आणि हे असंच चाललं तर एखाद्या झोपेत अडकलेला श्वास सुटायचाच नाही. चांगुणाबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. ती काही शिकलेली नव्हती, पण चाळीस तिला मोजता येत होते. आजवर आपण ढोसलं नसतं तर, एवढाच विचार तिच्या डोक्यात घोंगावत राहिला.

उपाय म्हणजे एक मशीन. लहान पत्र्याच्या पेटीएवढी, तिला चार हात लांब नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बांधायचं रबराचं मुसकं. मशीन रात्रभर नाकातून हवा लोटत राहते आणि गळ्याची वाट मिटू देत नाही. शिवहारनं ती आणली, कशी आणली ते त्याचं त्याला माहीत. बसवून द्यायला नांदेडच्या दुकानातून प्रेमसिंग नावाचा तरणा गडी आला. कनेरगाव नाक्याकडच्या तांड्यावरचा, बोलायला गोड. त्यानं ज्ञानबाच्या तोंडाला पट्टे बांधले आणि बटन दाबलं. ज्ञानबाचे डोळे पांढरे झाले.

"बैलाचं मुसकं ते बैलाचं मुसकं," पट्टे सोडून ज्ञानबा म्हणाला. "मळणीला जुंपता काय मला?"

"बाबा, जितक्यांदा डोळा लागंल तितक्यांदा हे लावायचं," प्रेमसिंग म्हणाला. "दुपारी असो का रात्री. सोडायचं नाही म्हणजे नाही."

मग त्यानं शिवहारला बाजूला घेऊन मशीनची सगळी करणी दाखवली. हवेचं पेशर चौदावर ठेवलंय, तकलीफ झाली तर ही दोन बटनं एकदम दाबून कमी करायचं, असं सगळं रीतसर सांगितलं. चांगुणाबाई तेव्हा चुलीपुढं पाहुण्यासाठी चहा ठेवीत होती. तिनं ऐकलं ते एवढंच, की सोडायचं नाही. प्रेमसिंगनं पेटीच्या पाठीवर आपला नंबर चिकटवला, शिवहार दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला, आणि घरात नवरा, बायको आणि मशीन अशी तिघंच राहिली.

गावानं चेष्टा केलीच. बघायला माणसं आली, बाया तोंडाला पदर लावून हसल्या. "नाकापेक्षा मोती जड," एकजण म्हणाला. पण महिनाभरात हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. ज्ञानबा कोंबड्याच्या आधी उठायला लागला. डोकं हलकं, डोळे टवटवीत, चालणं असं की चांगुणाबाईला मागं पळावं लागायचं. त्या साली लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री यायची. त्यामुळं जेव्हा लाईट तेव्हा ज्ञानबाची झोप. रात्री अंधार असेल तर तो मेंढरांपाशी जागा राहायचा आणि सकाळी लाईट आली की मुसकं लावून आडवा व्हायचा. चांगुणाबाई घरची कामं उरकता उरकता त्या मशीनची घुरघुर ऐकत राहायची. घुरघुर चालू म्हणजे नवरा चालू. तिनं पेटीला हळदीकुंकूही लावलं, खोटं कशाला बोला.

संक्रांत झाली आणि नाकानं त्रास द्यायला सुरुवात केली. रात्रंदिवस कोरडी हवा आत जाणार, मग नाक सुकणार नाही तर काय? आधी शिंका, मग नाक चोंदणं, मग आतून खपल्या. एक दिवस मुसकं काढलं तर आत रक्ताचे दोन थेंब. चांगुणाबाईनं ते पदरानं पुसलं आणि ज्ञानबाला दाखवलं नाही. नंतर कान. झोपून उठलं की कानात टप्पकन आवाज व्हायचा, मग शिट्टी वाजायची, आणि पुढं पुढं दोन्ही कानांना दडेच बसले. चांगुणाबाई म्हणायची पाणी घ्या, हा म्हणायचा राणी कुठली? पहिले चार दिवस दोघंही हसली.

पाचव्या दिवशी हसणं संपलं. एक कोकरू बोराटीच्या जाळीत अडकलं होतं. दुपारभर ते ओरडत राहिलं, आणि ज्ञानबा तिथून वीस पावलांवर बाभळीखाली सुतळी वळत बसला होता. दिवस मावळताना चांगुणाबाई तिकडं गेली तेव्हा कावळ्यांनी कोकराचे डोळे काढले होते. ते अजून जिवंत होतं. ज्ञानबानं त्याला मांडीवर घेतलं आणि तो लेकरासारखा रडला.

ज्यानं मेंढरं राखली नाहीत त्याला हे कळायचं नाही. दीडशे मेंढरांतून कुठलं ओरडलं, भुकेनं ओरडलं का भ्यालं म्हणून, हे ज्ञानबा पाठमोरा सांगायचा. त्याच्या बापानं त्याला जमीन दिली नव्हती, हे कान दिले होते.

"चांगुणे, मला मेंढरू ऐकू येईना झालंय," तो म्हणाला. "म्या मेंढका कशाचा आता? त्या मशीनला चुलीत घाल. मरायचं असंल तर ऐकत ऐकत मरीन."

"तसलं बोलू नका."

"काहून बोलू नको? भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत केली तिनं माझी."

"बिरोबाची आण हाये तुमाला, मुसकं सोडलं तर!" चांगुणाबाई ओरडूनच बोलली, एक तर रागानं आणि दुसरं त्याला ऐकू जावं म्हणून. "माझा हात कितीदा पुरा पडंल? एखादं दिशी मला झोप लागली म्हंजे?"

बिरोबाच्या पुढं त्याचं काही चालायचं नाही. पण चांगुणाबाईला त्याच्या तोंडाकडं बघून कळलं की आण फार दिवस पुरायची नाही. कानाचं काहीतरी करायला पाहिजे, नाहीतर हा माणूस मशीन सोडणार, आणि मशीन सोडली की श्वास अडकणार. ती रात्रभर हेच उलटसुलट करत राहिली.

आणि त्याच रात्री तिला तिचा बाप आठवला. तिचा बाप पेशरनं गेला होता. सकाळी नाकातून रक्त आलं, कानात भुंगे वाजायला लागले, दुपारी जीभ जड झाली आणि दिवस मावळायच्या आत अर्धं अंग गेलं. डाक्टर म्हणाला होता, पेशर वाढलं होतं, गोळी घेतली असती तर वाचला असता. नाकातून रक्त आणि कानात आवाज. ज्ञानबालाही पेशर होतंच. दोन वर्षांपासून तो रोज सकाळी एक बारीक पांढरी गोळी घ्यायचा.

आमच्याकडं पेशर म्हणलं की ते एकच. ते माणसाच्या अंगात असतं. मीठ खाल्लं की चढतं, सून उलटून बोलली की चढतं, आणि गोळीनं उतरतं. लोखंडाच्या पेटीलाही पेशर असतं हे कुणाच्या बापाला ठाऊक? तिला दोष देणाऱ्यांनी आधी आपल्या आईला विचारून बघावं.

दुसऱ्या दिवशी ती फाट्यावर गेली. चहाच्या हॉटेलात एक रुपया टाकायचा लाल फोन होता. कमरेच्या पिशवीतून तिनं रुपया काढला आणि पेटीवरून सोलून आणलेल्या कागदावरचा नंबर हॉटेलवाल्याकडून फिरवून घेतला.

"प्रेमसिंग भाऊ का? म्या चांगुणाबाई, मेंढक्याची. मशीनवाल्या ज्ञानबाची."

"बोला मावशी, बोला."

"त्यांच्या नाकातून रगत यायलंय बाबा. दोन्ही कानाला दडे बसलेत. शिट्ट्या वाजून राहिल्यात कानात."

"असं व्हय? घाबरू नका, व्हतं तसं. पेशर जास्त व्हायलंय त्यांना. पेशर कमी करा."

"कसं करू?"

"सोपंय. दोन..."

फोननं रुपया गिळला आणि टुंई टुंई करायला लागला. प्रेमसिंगला बटनं म्हणायचं होतं. चांगुणाबाईनं थोडा वेळ फोन कानाशी धरला, मग ठेवून दिला. हॉटेलवाल्याकडं सुटा रुपया नव्हता, पण तिला तरी दुसरा कशाला हवा होता? पाहिजे ते कळलं होतं. पेशर जास्त झालं, कमी करायचं, एक होती तिथं दोन. प्रेमसिंगही तेच म्हणाला जे तिचं मन रात्रभर म्हणत होतं. तिला उलट हायसं वाटलं. बाप हातचा गेला, पण नवरा वेळेवर सापडला.

येता येता तिनं औषधाच्या दुकानातून गोळ्यांची दोन पाकिटं घेतली. दुकानदारानं विचारलं, "वाढलं काय ज्ञानबाचं?" ती म्हणाली, "व्हय, नांदेडहून सांगितलंय." नांदेडहून सांगितलंय म्हटल्यावर तो कशाला जास्त विचारतो?

ज्ञानबा तिच्या हातचं डोळे झाकून गिळायचा. गोळी कसली, किती, कशाला, त्यानं कधी विचारलं नाही. सकाळी एक होती, आता संध्याकाळी एक आली. रात्री निजताना ती त्याच्या नाकपुडीत कोमट तुपाचा थेंबही सोडायची. तुपानं खपल्या मऊ पडल्या, रक्त थांबलं, आणि तिला वाटलं गोळीनंच गुण दिला. कान मात्र तसेच. कानाला उशीर लागतो, तिनं स्वतःला समजावलं.

दहाबारा दिवस गेले. ज्ञानबा पुन्हा मंद झाला होता. पहिल्यासारखी पेंग येत नव्हती, पण अंगात त्राण नव्हतं. हातपाय गार पडायचे, ओठांवरचा रंग गेला होता. बसल्याजागी ठीक असायचा, उठला की डोळ्यांपुढं अंधारी यायची. एकदा गोठ्यातून उठताना छपराची मेढ धरली म्हणून वाचला. एकदा अंगणात तोल गेला आणि चांगुणाबाईनं त्याला कवेत धरलं. धरलं तेव्हा तिला जाणवलं, किती हलका झालाय हा माणूस.

"हळू उठत जा, अवो," ती त्याच्या कानाशी ओरडली.

"झटक्यानं उठलो की जमीन पायाखालून जाती बघ," तो म्हणाला. "कानाचीच चक्कर हाये ही. माझ्या चुलत्याला असंच व्हायचं."

गावातल्या जाणत्यांनीही तेच सांगितलं. कानात बिघाड झाला की चक्कर येते, हे सगळ्यांना माहीत. म्हणजे कान बरा व्हायला पाहिजे. म्हणजे पेशर अजून खाली यायला पाहिजे. विचार कसा सरळ रेषेत चालला होता बघा, एक पाऊल वाकडं नाही आणि सगळी वाट चुकीची. चांगुणाबाई पुन्हा फाट्यावर गेली. या खेपेला तिनं पिशवीत दोन रुपये मोकळे नेले होते.

"भाऊ, कान न्हाई सुटला अजून. वरून चक्कर यायलीय."

प्रेमसिंग कुठंतरी रस्त्यात होता, मागं गाड्यांचा गलका होता. "कानात हवा कोंडली की चक्कर येती मावशी. पेशर कमी केलंत ना म्या सांगितलं तसं?"

"केलं की. त्याच दिशी केलं."

"मंग अजून दोननं कमी करा. दोननं, समजलं का? मशीन बंद करू नका पण."

"न्हाई रे बाबा, मशीन कशी बंद करू?"

"बराबर. म्या होळीला तांड्यावर चाललोय, वाटंत येऊन बघून जातो."

दुसरा रुपया तिच्या हातातच राहिला, टाकायची गरज पडली नाही. दोननं म्हणाला. दोनाच्या चार झाल्या.

चार गोळ्यांचे सहा दिवस झाले. या सहा दिवसांत ज्ञानबा फार बोलला नाही. बसायचा. बसल्या बसल्या मेंढरांकडं बघायचा, कारण ऐकून काही कळत नव्हतं. एका संध्याकाळी तो म्हणाला, "शिवहारला बोलावून घेतीस का?" चांगुणाबाईनं वात वळता वळता त्याच्याकडं बघितलं. त्यानं असं कधी म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "मशीनवालं पोरगं येणार हाये होळीला, ते बघून जाऊ द्या." तिनं देवापुढं दिवा लावला आणि नवऱ्याला संध्याकाळच्या दोन गोळ्या दिल्या.

होळीच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला प्रेमसिंगची मोटरसायकल दारात आली. पाठीमागं मिठाईची पिशवी बांधलेली, अंगात नवा सदरा. चांगुणाबाईला एवढा आनंद झाला की तिनं चहाचं आधण ठेवतानाच अर्धी साखर सांडली.

"बाबा कुठं हायत?"

"मेंढरं पाजायला गेलेत वढ्याकडच्या विहिरीवर. येतीलच आता. तू मशीन बघ तवर."

प्रेमसिंगनं पेटी ओट्यावर ओढली. मुसकं पालथं घालून बघितलं, रबराला लागलेलं तूप अंगठ्यानं पुसलं आणि तोंड वाकडं केलं. लाईट होती. त्यानं बटन दाबलं, लहान चौकोनात आकडा उमटला. त्यानं तो बघितला, मशीन बंद केली, परत चालू केली.

"मावशी, हे चौदाच हाये."

"काय चौदा?"

"पेशर. म्या बसवलं तवा चौदा व्हतं. तुमाला दोनदा सांगितलं कमी करा म्हणून. आता धा नाहीतर अकरा दिसायला पाहिजे. तुमी तर काहीच कमी केलेलं न्हाई."

"केलं की रे बाबा," चांगुणाबाई म्हणाली. "रोज करायले."

"कसं करता? दावा बरं मला."

ती उठली, कोनाड्यातून पाकिटं घेऊन आली आणि त्याच्या हातात दिली. सगळी रिकामी, एकात दोनच गोळ्या उरलेल्या. तिला वाटलं तो शाबास म्हणेल. तिनं बोटांवर सांगितलंही, "पयली एक व्हती. तू दोन म्हणालास, म्या दोन केल्या. मंग तू अजून दोन म्हणालास. सकाळी दोन, सांजच्याला दोन. एक दिवस चुकू दिला न्हाई."

प्रेमसिंगनं पाकीट उजेडाकडं धरलं. पाकीट उलटंपालटं करून तो त्यावरची बारीक अक्षरं वाचत राहिला, जणू वाचल्यानं त्यांचा अर्थ बदलणार होता.

"हे अंगातलं पेशर हाये मावशी," तो हळू म्हणाला. "म्या मशीनचं म्हणत व्हतो. हवेचं."

चांगुणाबाईला आधी समजलं नाही. चुलीवर चहा उतू जाऊन जाळ फसफसला, तिनं तिकडं बघितलं, परत त्याच्याकडं बघितलं. मग समजलं. समजलं तेव्हा ती खाली बसली नाही, रडली नाही, तिनं एवढंच विचारलं, "त्यानं काय व्हतंय?"

"रगताचा जोर पार उतरतो. माणूस बसलेला ऱ्हायला तर ऱ्हातो. झटक्यानं उठला की डोक्यात रगत पोचत न्हाई, जागच्या जागी कोसळतो. आता गोळी बंद करा. त्यांना निजवून ठेवायचं, पाय उंच करून. म्या गाडी बघतो, दवाखान्यात नेऊ. अजून काही बिघडलं न्हाई मावशी, दोन दिवसांत उतरंल ते." मग त्यानं दाराकडं बघितलं. "कुठं गेलेत म्हणालात?"

"विहिरीवर."

"कठडा हाये का विहिरीला?"

नव्हता. ती तोवर दाराबाहेर पडली होती.

मोटरसायकल पांदीतून जाणार नव्हती, म्हणून दोघं पळत निघाली. उन्हं चढली होती, ढेकळांतून पाय मुडपत होते. चांगुणाबाईचं वय पन्नाशीचं, पण प्रेमसिंगला ती सापडेना. तोंडानं ती एकच जप करत होती, बसलेले असू दे, देवा, बसलेले असू दे. शेवटच्या बांधावर ती चढली आणि तिला दिसलं. विहीर, डोणीवर पाणी पिणारी मेंढरं, आणि काठावरच्या धोंड्यावर मांडी घालून बसलेला ज्ञानबा. तळहातावर तंबाखू मळत होता. पाठ विहिरीकडं, तोंड तिच्याकडं. मध्ये एक वावर होतं.

बसलेला होता. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अवोऽऽ!" तिनं हाक दिली. "उठू नकाऽऽ! तसंच बसून ऱ्हावाऽऽ!"

तिची हाक तीन वावरं जायची, अख्ख्या शिवारात तिच्यासारखी हाक कुणाची नव्हती. मेंढरांनी माना वर केल्या. ज्ञानबानं केली नाही. त्याला ऐकू आलं नाही.

"अवोऽऽ! शिवहारच्या बाऽऽ!"

आता त्यानं वर बघितलं, बहुतेक मेंढरं कुठं बघतात म्हणून. बायको दिसली तसा तो हसला. एक हात कानामागं धरून त्यानं मान हलवली, काय म्हणतीस? चांगुणाबाईनं दोन्ही हात वर केले आणि जोरजोरात खाली दाबले. बसा. बसा. बसा. पुन्हा वर, पुन्हा खाली.

मेंढक्यांच्या राज्यात लांबून बोलायची रीत वेगळी असते. एक हात फिरवला की कळप वळव, काठी आडवी धरली की थांब. आणि दोन्ही हात असे वरखाली झाले की त्याचा अर्थ एकच, कळपात लांडगा शिरला. ही खूण तिला लग्नाच्या पहिल्या साली ज्ञानबानंच शिकवली होती. हात खाली येता येता चांगुणाबाईला ते आठवलं, पण हात तोवर पुन्हा वर गेले होते.

ज्ञानबाचं हसू गेलं. त्यानं तंबाखू झाडून टाकली, काठी उचलली आणि विशीतल्या गड्यासारखा ताडकन उठून उभा राहिला. पहिल्यांदा त्यानं मेंढरांकडं बघितलं, कुठून आला म्हणून. मग एक हात डोळ्यांवर नेला. एक पाय मागं टाकला.

प्रेमसिंग चांगुणाबाईच्या पुढं निघून धावत होता, ओरडत होता. चांगुणाबाई बांधावर जिथल्या तिथं उभी होती. विहिरीच्या काठावर आता फक्त मेंढरं होती, आणि तिला हात खाली घेता येत नव्हते.